पोटॅशियम मार्गिका : कोशिका-विभाजन व वृद्धी यांतील कार्य

कोशिकेच्या (पेशीच्या) पटलात आरपार बसलेल्या आणि मुख्यतः पोटॅशियमाच्या आयनांनाच (विद्युत् भारित अणूंनाच) पलीकडे जाऊ देणाऱ्या प्रथिनांना पोटॅशियम मार्गिका म्हणतात. व्यवहारात त्यांचा उल्लेख पोटॅशियम चॅनेल असाही केला जातो. जंतू, कवके, वनस्पती व प्राणी अशा जवळजवळ सर्व सजीवांत त्या आढळतात. तंत्रिकेतील (मज्जातंतूतील) संदेशवहन आणि हृदयाचे स्पंदन यांतील त्यांचे कार्य प्रथम ज्ञात झाले. १९७० नंतरच्या संशोधनातून मात्र असे दिसून आले की, कोशिकेचे विभाजन, तिच्या आकारमानातील वाढ आणि अवयवांची वृद्धी यांतही या मार्गिकांचा वाटा असतो. विभाजनाचा आदेश सामान्यतः वृद्धिकारक द्रव्ये व जीन यांच्याकडून येतो. तो आदेश पार पडण्यासाठी लागणारी पटलाची विद्युत् स्थिती, कॅल्शियमाचा पुरवठा आणि कोशिकेतील पाण्याचे प्रमाण यांवर मात्र पोटॅशियम मार्गिकांचे नियंत्रण असते. यामुळे एकच मार्गिका एका कोशिकेत विभाजनास साहाय्यभूत, तर दुसरीत हानीस कारणीभूत ठरू शकते. पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणात आढळणारा दात्र-कोशिका पांडुरोग (सिकलसेल) हे याचे ठळक उदाहरण असून त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत पुढे केला आहे.

पटलाची विद्युत् स्थिती : प्राण्यांच्या कोशिकेत पोटॅशियमाची संहती (प्रमाण) दर लिटरला सु. १४० मिलिमोल असते, तर कोशिकेबाहेरील द्रवात ती केवळ ३·५ ते ५ मिलिमोल असते. सोडियमाची स्थिती याच्या उलट असते. हा फरक सोडियम-पोटॅशियम पंप या एंझाइमामुळे टिकून राहतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काउ यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध लावला व त्याबद्दल त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. हा पंप ऊर्जा खर्च करून दर फेरीस सोडियमाचे तीन आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमाचे दोन आयन आत घेतो.

पोटॅशियम मार्गिकांना अशी ऊर्जा लागत नाही. त्या उघडल्या म्हणजे पोटॅशियमाचे आयन जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, म्हणजे बहुधा आतून बाहेर, जातात. प्रत्येक आयनाबरोबर एक धन भार बाहेर गेल्याने पटलाची आतील बाजू बाहेरच्या मानाने ऋण होते. या फरकास पटल-वर्चस् म्हणतात. विश्रांत तंत्रिका कोशिकेत ते सु. उणे ७० मिलिव्होल्ट, तर कंकाल स्नायूत सु. उणे ९० मिलिव्होल्ट असते. मार्गिका जितक्या अधिक उघड्या तितके वर्चस् अधिक ऋण होते. यास अतिध्रुवण म्हणतात. त्या मिटल्यास ऋणता घटते; यास विध्रुवण म्हणतात. तंत्रिकेत हे बदल सहस्रांश सेकंदात घडतात. विभाजन पावणाऱ्या कोशिकेत ते कित्येक तासांच्या कालावधीत घडतात.

ऐतिहासिक आढावा : पटल-वर्चस् हे पोटॅशियमाच्या निवडक पार्यतेमुळे (पार जाऊ देण्याच्या गुणधर्मामुळे) उत्पन्न होते, ही कल्पना जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक युलिउस बेर्नश्टाइन यांनी १९०२ मध्ये मांडली. ॲलन हॉजकिन व अँड्रू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड तंत्रिका-अक्षावर प्रयोग करून सोडियम व पोटॅशियम यांचे प्रवाह वेगवेगळे मोजले व १९५२ मध्ये त्यांचे गणिती वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक जॉन एकल्स यांच्यासमवेत मिळाले. एर्विन नेअर व बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये काचेच्या सूक्ष्म नळीचे टोक पटलाला चिकटवून एकेका मार्गिकेतून जाणारा प्रवाह मोजण्याची पद्धत पुढे आणली. या पद्धतीमुळे तंत्रिका वा स्नायू नसलेल्या लहान कोशिकांचाही अभ्यास शक्य झाला. विभाजनाशी मार्गिकांचा असलेला संबंध प्रकाशात येण्यास ही गोष्ट कारणीभूत झाली.

ईथरची भूल दिली असता पाय थरथरविणाऱ्या फळमाशीच्या एका उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेल्या) प्रकारास ‘शेकर’ असे नाव होते. हा दोष ज्या जीनात आहे तो लिली जॅन व यू नंग जॅन यांच्या प्रयोगशाळेत १९८७ मध्ये वेगळा करण्यात आला. तो पोटॅशियम मार्गिकेचा वेगळा करण्यात आलेला पहिला जीन होय. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये स्ट्रेप्टोमायसीज या मृदेतील सूक्ष्मजंतूच्या पोटॅशियम मार्गिकेची त्रिमितीय संरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. या कार्याबद्दल त्यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग देण्यात आला.

संरचना व प्रकार : बहुतेक पोटॅशियम मार्गिका चार प्रथिन-घटक वर्तुळाकार एकत्र येऊन बनतात व त्यांच्या मध्यभागी छिद्र असते. छिद्राच्या सर्वांत अरुंद भागास निवड-गाळणी म्हणतात. सोडियमाचा आयन पोटॅशियमाच्या आयनापेक्षा लहान असूनही तो या गाळणीतून सहसा जात नाही. आयन पाण्यात असताना त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. गाळणीच्या भिंतीतील ऑक्सिजन अणू अशा अंतरावर बसविलेले असतात की, पोटॅशियमाच्या आयनाने पाणी सोडले तरी त्याला तशीच जवळीक त्या अणूंकडून मिळते. सोडियमाचा लहान आयन चारही बाजूंच्या अणूंपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, म्हणून पाणी सोडणे त्याला ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. या रचनेमुळे काही मार्गिकांतून सेकंदाला सु. दहा कोटींपर्यंत आयन जाऊ शकतात व तरीही चूक क्वचितच होते.

मानवात या मार्गिकांचे सु. ८० जीन आहेत. उघडण्याच्या कारणावरून व रचनेवरून त्यांचे चार मोठे गट केले जातात : (१) वर्चस्-नियंत्रित मार्गिका, (२) कोशिकेतील कॅल्शियमामुळे उघडणाऱ्या मार्गिका, (३) आयनांना आतल्या दिशेने अधिक सुलभतेने नेणाऱ्या मार्गिका आणि (४) प्रत्येक घटकात छिद्राचे दोन खंड असणाऱ्या मार्गिका. पहिल्या गटातील के-व्ही १·३ व के-व्ही १०·१ आणि दुसऱ्या गटातील के-सीए ३·१ या मार्गिका विभाजनाच्या दृष्टीने विशेष अभ्यासल्या गेल्या आहेत.

विंचू, साप, समुद्रपुष्प इ. प्राण्यांची विषे या मार्गिका बंद करतात व त्यामुळे ती संशोधनाची साधने ठरली आहेत. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, आढळणाऱ्या लाल विंचवाच्या जातीच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन हे ३७ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे करण्यात आले. कॅल्शियमाने उघडणाऱ्या मोठ्या प्रवाहाच्या मार्गिका ते निवडकपणे बंद करते. एखाद्या कोशिकेच्या वाढीत या मार्गिकांचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी ते जगभर वापरले जाते.

कोशिका-चक्र व वर्चस् : विभाजनाच्या चक्रात पहिली वृद्धी अवस्था (जी-१), डीएनए संश्लेषण अवस्था (एस), दुसरी वृद्धी अवस्था (जी-२) आणि समविभाजन (एम) अशा चार अवस्था असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरेन्स कोन यांनी १९७१ च्या सुमारास असे सुचविले की, पटल-वर्चस् हे विभाजनाचे एक नियंत्रक आहे. सामान्यतः न विभागणाऱ्या तंत्रिका व स्नायू कोशिकांचे वर्चस् अतिशय ऋण असते, तर वेगाने विभागणाऱ्या व कर्करोगी कोशिकांचे ते बरेच कमी ऋण, पुष्कळदा उणे १० ते उणे ३० मिलिव्होल्टच्या दरम्यान, असते, ही वस्तुस्थिती या कल्पनेच्या मुळाशी होती. दीर्घकाळ विध्रुवित ठेवलेल्या प्रौढ तंत्रिका कोशिकांत समविभाजन सुरू झाल्याचे कोन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले.

वर्चस् कमी ऋण झाले की विभाजन होते, इतका हा संबंध सरळ नाही, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. चक्राच्या काळात वर्चस् वरखाली होते. अनेक प्रकारच्या कोशिकांत जी-१ मधून एस अवस्थेत जाताना अल्पकाळ अतिध्रुवण होते, तर समविभाजनापूर्वी विध्रुवण होते. पहिल्या टप्प्यावर पोटॅशियम मार्गिका रासायनिक द्रव्यांनी बंद केल्यास पुष्कळ कोशिका जी-१ अवस्थेतच थांबतात आणि द्रव्य काढून घेतल्यावर त्या पुन्हा पुढे जाऊ लागतात. यावरून मार्गिका ठरावीक वेळी उघडणे आणि ठरावीक वेळी मिटणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, असे दिसते.

लसीका कोशिकांतील पुरावा : या संबंधाचे सर्वांत स्पष्ट चित्र टी-लसीका कोशिकांत मिळाले. शरीरात जंतू शिरला की, त्याला ओळखणाऱ्या मोजक्या टी-कोशिका वारंवार विभागून मोठी संख्या गाठतात व प्रतिरक्षा (रोगप्रतिकार) उभी राहते. डीकोर्सी, चंडी, गुप्ता व कॅहलन या अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकांनी १९८४ मध्ये असे दाखविले की, मानवी टी-कोशिकांत वर्चस्-नियंत्रित पोटॅशियम मार्गिका असतात आणि त्या बंद करणारी द्रव्ये ज्या प्रमाणात मार्गिका रोखतात, साधारणतः त्याच प्रमाणात विभाजनही रोखतात. या चमूतील जॉर्ज चंडी व सुधीर गुप्ता हे दोघे भारतीय वंशाचे आहेत. सदर मार्गिकेस पुढे के-व्ही १·३ हे नाव मिळाले.

या घटनेमागील यंत्रणा पुढीलप्रमाणे आहे : टी-कोशिकेने जंतूचा अंश ओळखला की, तिच्या पटलातील कॅल्शियम मार्गिका उघडतात. कोशिकेबाहेर कॅल्शियमाची संहती आतल्यापेक्षा सु. दहा हजार पट असल्याने ते आत येऊ लागते. परंतु त्याच्या प्रत्येक आयनाबरोबर दोन धन भार आत येतात. हे भार साठत गेले, तर आतील ऋणता नाहीशी होऊन कॅल्शियमाचा ओघ थांबेल. पोटॅशियम मार्गिका धन भार बाहेर सोडून ही ऋणता टिकवून धरतात. कॅल्शियमाचा ओघ दीर्घकाळ चालू राहिला म्हणजे कॅल्सिन्यूरिन हे एंझाइम क्रियाशील होते, त्यामुळे विशिष्ट नियंत्रक प्रथिन केंद्रकात शिरते, इंटरल्यूकीन-२ हे वृद्धिकारक निर्माण होते आणि कोशिका एस अवस्थेकडे जाते. विश्रांत टी-कोशिकेत के-व्ही १·३ च्या काही शे व के-सीए ३·१ च्या केवळ दहा-वीस मार्गिका असतात. कोशिका उद्दीपित झाल्यावर दुसऱ्या प्रकारच्या मार्गिकांची संख्या अनेक पटींनी वाढते व पुढील विभाजनांत त्यांचा वाटा मोठा होतो.

आकारमानाचे नियमन : पोटॅशियम हा कोशिकेतील प्रमुख धन आयन असल्यामुळे तो बाहेर गेला की, त्याच्याबरोबर क्लोराइडाचे आयन व तर्षणामुळे पाणीही बाहेर जाते आणि कोशिका आकसते. उलट आयन आत साठल्यास ती फुगते. विभाजनापूर्वी कोशिकेला आपली द्रव्ये दुप्पट करावी लागतात. म्हणून आकारमान वाढविणे व ते मर्यादेत ठेवणे या दोन्ही क्रिया चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर घडतात. मेंदूतील आधार-कोशिकांच्या कर्करोगात समविभाजनापूर्वी पोटॅशियम व क्लोराइड बाहेर टाकून कोशिकाद्रव दाट केला जातो, असे आढळले आहे.

हीच क्रिया मर्यादेबाहेर गेली, तर कोशिकेचा पद्धतशीर मृत्यू घडून येतो. मरणोन्मुख कोशिका प्रथम आकसते व तिच्यातील पोटॅशियम बरेच घटते. पोटॅशियमाची नेहमीची उच्च संहती ही कोशिकेचे विघटन करणाऱ्या एंझाइमांना आवरून धरते व ती कमी होताच ही एंझाइमे कार्य करू लागतात. अशा रीतीने पोटॅशियमाचे बहिर्गमन हे विभाजन आणि मृत्यू या दोहोंच्या मार्गावर आहे. फरक प्रमाणाचा, कालावधीचा व बरोबरच्या इतर संकेतांचा आहे.

कर्करोग : के-व्ही १०·१ ही मार्गिका निरोगी प्रौढ व्यक्तीत मुख्यतः मेंदूत आढळते. लुईस पार्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे दाखविले की, या मार्गिकेचा जीन संवर्धित कोशिकांत घातल्यास त्यांची वाढ अनियंत्रित होते व प्रतिरक्षा क्षीण असलेल्या उंदरांत त्या कोशिकांपासून अर्बुदे (गाठी) निर्माण होतात. स्तन, गर्भाशयग्रीवा, बृहदांत्र इत्यादींच्या अनेक मानवी अर्बुदांतही ही मार्गिका आढळली आहे. विशेष म्हणजे या कुलातील काही मार्गिकांचे छिद्र उत्परिवर्तनाने निकामी केले, तरी त्या विभाजनास काही प्रमाणात चालना देतात. यावरून मार्गिकेचे प्रथिन आयनवहनाखेरीज इतर प्रथिनांशी जोडले जाऊनही संदेश देत असावे, असे मानले जाते. मार्गिकेची उपस्थिती हे मात्र कर्करोगाचे एकमेव कारण नव्हे; जीनांतील इतर बदलांबरोबर ती वाढीस अनुकूल स्थिती निर्माण करते.

अवयवांची वृद्धी : मार्गिकांचा परिणाम एकेका कोशिकेपुरता मर्यादित राहत नाही. झीब्रा मासा या लहान माशाच्या एका उत्परिवर्तित प्रकारात पर प्रमाणाबाहेर लांब वाढतात. याचे कारण दोन छिद्रखंडांच्या एका पोटॅशियम मार्गिकेची वाढलेली क्रियाशीलता हे आहे, असे २०१४ मध्ये सिद्ध झाले. मानवात आतल्या दिशेने आयन नेणाऱ्या एका मार्गिकेच्या जीनात दोष असल्यास अँडरसन-ताविल लक्षणसमूह उद्भवतो. त्यात स्नायूंचा अधूनमधून होणारा पक्षाघात व हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांबरोबर लहान हनुवटी व बोटांतील व्यंग हेही आढळते. के-व्ही १०·१ च्या जीनातील काही जन्मजात दोषांत हिरड्यांची अतिवाढ होते व नखे खुरटी राहतात अथवा येतच नाहीत. गर्भावस्थेत अवयवांचा आकार ठरण्यात पटल-वर्चसाचा भाग असतो, याचे हे निदर्शक आहे. सूक्ष्मजंतूंच्या चिकट थरांतही पोटॅशियमाच्या लाटा पसरून थराच्या कडेची व आतील भागाची वाढ आळीपाळीने होते, असे २०१५ मध्ये आढळले.

वनस्पतींची वाढ : वनस्पती-कोशिकेची वाढ मुख्यत्वे रिक्तिकेत (द्रवाने भरलेल्या पोकळीत) पाणी शिरून भिंतीवर पडणाऱ्या दाबामुळे होते. हे पाणी ओढून घेण्यासाठी लागणारे मुख्य विद्राव्य पोटॅशियम असते. मुळांच्या कोशिकांतील ए-के-टी-१ व पर्णरंध्रांच्या रक्षक कोशिकांतील के-ए-टी-१ या वनस्पतींतील पहिल्या पोटॅशियम मार्गिकांचे जीन १९९२ मध्ये ज्ञात झाले. रक्षक कोशिकांत पोटॅशियम शिरले की, त्या फुगून पर्णरंध्र उघडते व प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो. मक्याच्या कोंबात ऑक्सिन या वृद्धिसंप्रेरकामुळे पोटॅशियम मार्गिकेचा जीन अधिक क्रियाशील होतो. विदर्भातील कपाशीचा धागा ही बीजाच्या सालीवरील एकच लांबलेली कोशिका असून तिची लांबी वाढण्यासही पोटॅशियम व मॅलिक अम्लाचे लवण यांमुळे उत्पन्न होणारा दाब कारणीभूत असतो.

भंडारा व गोंदिया या धानपट्ट्यातील जिल्ह्यांच्या दृष्टीने भाताच्या मुळांतील अशाच मार्गिका महत्त्वाच्या आहेत. पोटॅशियम अपुरे पडल्यास भाताच्या जुन्या पानांची टोके व कडा पिवळ्या-तपकिरी होतात, ताटे दुबळी राहतात आणि करप्यासदृश तपकिरी ठिपक्यांचा रोग बळावतो. भाताने शोषलेल्या पोटॅशियमाचा बहुतांश भाग दाण्यात न जाता तणसात (पेंढ्यात) राहतो. म्हणून तणस शेताबाहेर गेल्यास जमिनीतील पोटॅशियमाचा साठा घटत जातो व शेणखत वा पालाशयुक्त खत देऊन तो भरून काढावा लागतो.

दात्र-कोशिका पांडुरोग व गार्डोस मार्गिका : हंगेरियन जीवरसायनशास्त्रज्ञ ग्यॉर्ज गार्डोस यांनी १९५८ मध्ये असे दाखविले की, तांबड्या रक्तकोशिकेत कॅल्शियम वाढल्यास तिच्यातील पोटॅशियम झपाट्याने बाहेर पडते. ज्या मार्गिकेतून ते बाहेर पडते तिला गार्डोस मार्गिका असे नाव पडले. तिचा जीन १९९७ मध्ये ज्ञात झाला, तेव्हा टी-लसीका कोशिकांच्या विभाजनास साहाय्य करणारी के-सीए ३·१ ती हीच, असे स्पष्ट झाले. पक्व तांबड्या कोशिकेत केंद्रक नसल्याने तिचे विभाजन होत नाही. त्यामुळे तीच मार्गिका येथे निराळा परिणाम घडविते.

भारतात दात्र-कोशिका गुणाची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत व त्याच सुमारास आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत झाली. मध्य भारतातील या गुणाविषयी शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपूरहून माहिती प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर व नंदुरबार या जिल्ह्यांत हा रोग विशेष आढळतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हा तालुका याच पट्ट्यात येतो. या गुणाचा वाहक असलेल्या व्यक्तीस घातक प्रकारच्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळे हिवतापग्रस्त जंगली प्रदेशांत हा जीन पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला.

या रोगात हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल असते. ऑक्सिजन सोडल्यावर असे हीमोग्लोबिन लांब तंतूंच्या रूपात गोठते व कोशिकेला विळ्याचा आकार येतो. पटल ताणले जाऊन त्यातून कॅल्शियम आत शिरते, गार्डोस मार्गिका उघडते, पोटॅशियम, क्लोराइड व पाणी बाहेर जातात आणि कोशिका शुष्क होते. आतील हीमोग्लोबिन त्यामुळे अधिक दाट होते. ते तंतुरूप होण्यास लागणारा काळ त्याच्या संहतीवर अतिशय तीव्रपणे अवलंबून असल्याने थोड्याशा शुष्कतेनेही पुढील खेपेस कोशिका फार लवकर विळ्याच्या आकाराची होते. अशा ताठर कोशिका सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना होतात व प्लीहा, हाडे, फुप्फुसे, मेंदू इत्यादींना इजा पोहोचते.

विभाजन व वृद्धी यांच्याशी या रोगाचा आणखी एक संबंध आहे. निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस टिकते. दात्र-कोशिका सामान्यतः १० ते २० दिवसांतच नष्ट होते. ही तूट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेतील पूर्वकोशिकांना कित्येक पट अधिक विभाजने करावी लागतात. त्यासाठी फॉलिक अम्लाची व एकंदर पोषणाची गरज वाढते. पुरेसा आहार न मिळाल्यास रुग्ण बालकांची उंची व वजन मागे पडते आणि वयात येणेही लांबते. मज्जेतील विभागणाऱ्या पूर्वकोशिकांवर आघात करणाऱ्या पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूचा संसर्ग झाल्यास नव्या कोशिकांची निर्मिती काही दिवस थांबते. निरोगी व्यक्तीस हे जाणवतही नाही. परंतु या रुग्णांचे हीमोग्लोबिन धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

उपचारांची दिशा व मर्यादा : गार्डोस मार्गिका बंद करून दात्र-कोशिकांची शुष्कता टाळता येईल, या अपेक्षेने १९९० नंतर प्रयत्न झाले. क्लोट्रिमॅझोल या कवकनाशक औषधाने ही मार्गिका रोखली जाते, असे आढळल्यावर त्याच धर्तीवर सेनिकॅपॉक हे औषध तयार करण्यात आले. त्याने रुग्णांचे हीमोग्लोबिन वाढले व कोशिकांचा नाश घटला. परंतु वेदनांचे झटके कमी झाले नाहीत. म्हणून तिसऱ्या टप्प्याची चाचणी २००७ मध्ये थांबविण्यात आली. कोशिका अधिक टिकल्यामुळे रक्ताची श्यानता (दाटपणा) वाढून फायदा निष्फळ झाला असावा, असा एक तर्क आहे. रोगाच्या साखळीतील एक दुवा अचूक ओळखला व तोडला, तरी संपूर्ण साखळी तुटतेच असे नाही, हे या अनुभवाने दाखवून दिले.

सध्या हायड्रॉक्सियूरिया हे औषध मोठ्या प्रमाणात वापरले जाते. ते पोटॅशियम मार्गिकेवर नव्हे, तर डीएनए संश्लेषणास लागणाऱ्या एका एंझाइमावर कार्य करते आणि मज्जेतील विभाजनाची घडी बदलून गर्भ-हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढविते. हे हीमोग्लोबिन तंतू बनण्यास अडथळा करते. विभाजनावर परिणाम करणारे असल्याने हे औषध वैद्यांच्या देखरेखीखाली व वेळोवेळी रक्ततपासणी करूनच घ्यावे लागते. भरपूर पाणी पिणे, थंडी व भिजणे टाळणे आणि उन्हातील अतिश्रम टाळणे हे साधे उपायही कोशिकांची शुष्कता व रक्तवाहिन्यांचे आकुंचन कमी करतात. उन्हाळ्यात तेंदूपाने गोळा करणाऱ्या व पावसाळ्यात धानाची रोवणी करणाऱ्या रुग्णांस त्यांचे महत्त्व विशेष आहे.

आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता एकचतुर्थांश असते. म्हणून विवाहापूर्वी दोघांची रक्ततपासणी हा प्रतिबंधाचा मुख्य मार्ग आहे. विद्राव्यता चाचणीने विकृत हीमोग्लोबिन असल्याचे कळते; मात्र वाहक व रुग्ण यांतील भेद करण्यासाठी विद्युत् संचारण वा तत्सम तपासणी लागते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी शहडोल (मध्य प्रदेश) येथून या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंत गाठावयाचे आहे.

इतर रोगांतही मार्गिकांवरील औषधांचा शोध चालू आहे. समुद्रपुष्पाच्या विषावरून बनविलेले के-व्ही १·३ रोधक पेप्टाइड सोरियासिस या त्वचारोगाच्या रुग्णांत प्राथमिक स्वरूपात आजमावले गेले आहे. या क्षेत्रातील मुख्य अडचण निवडकतेची आहे. मार्गिका एकमेकींशी रचनेने सदृश असल्यामुळे एकीसाठी योजलेले औषध दुसरीलाही बाधते. के-व्ही १०·१ रोखणारे ॲस्टेमिझोल हे ॲलर्जीवरील औषध हृदयातील तिच्याशी सदृश मार्गिकाही रोखते. त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांत घातक अनियमितता उद्भवू शकते, असे आढळल्याने ते १९९९ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

आहारातील पोटॅशियम कमीअधिक करून विभाजनावर इष्ट परिणाम घडविता येईल, हा समज मात्र निराधार आहे. निरोगी व्यक्तीचे वृक्क (मूत्रपिंड) रक्तातील पोटॅशियम अरुंद मर्यादेत राखतात व मर्यादा ओलांडली गेल्यास प्रथम हृदयाला धोका पोहोचतो. कोशिकेच्या वाढीत पोटॅशियमाच्या एकूण साठ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व, तो कोणत्या क्षणी, कोणत्या मार्गिकेतून व किती काळ बाहेर पडतो याला आहे.